कव्वालीच्या खोक्यातला अहमद जमाल

चोर बाजारात मटण स्ट्रीटवरच्या एका जुन्या रेकॉर्डवाल्याकडे मला अहमद जमाल सापडला तो कव्वालीच्या खोक्यात. पुढे युसूफ आझाद, मागे हबीब पेंटर आणि मधे शिकागोचा हा पियानोवादक. दुकानदाराने कव्हरवरचं नाव वाचून त्याची जागा ठरवली होती. मी म्हटलं, "भाई, ये तो अमरीका का है. जाझ बजाता है." त्याने कव्हर उलटसुलट करून पाहिलं. "नाम तो अपना है," म्हणाला, आणि अमेरिका ऐकल्याबरोबर भाव पन्नास रुपयांनी वाढवला.

ही गोष्ट मी पुण्यातल्या आमच्या रेकॉर्डवाल्या मित्रांना सांगितली. आम्ही सात-आठजण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. बहुतेकांचा संग्रह नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी आणि थोडं शास्त्रीय असा आहे. त्या दिवशी एकाने विचारलं, "म्हणजे हा जमाल पाकिस्तानचा का?" दुसरा म्हणाला, "तू एकदा नीट यादीच दे. जाझ आणि रेगेमधलं काय घ्यायचं, कशापासून सुरुवात करायची." यादी द्यायला हरकत नव्हती. पण पाकिस्तानच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय ती पुढे सरकेना. म्हणून हा लेख.

अहमद जमाल यांचा जन्म 1930 मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात झाला. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फ्रेडरिक रसेल जोन्स. विशीत असताना, 1950 च्या सुमारास, त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि नाव बदललं. असं करणारे ते एकटे नव्हते. 1947 साली पियानोवादक थेलोनियस मंक याची ब्लू नोट कंपनीने पहिली ध्वनिमुद्रणं केली, तेव्हाच्या वादकांची नावं वाचा. ट्रंपेटवर इद्रिस सुलेमान, सॅक्सोफोनवर साहिब शिहाब, ड्रम्सवर आर्ट ब्लेकी, म्हणजे अब्दुल्ला इब्न बुहैना. आधुनिक ड्रमवादनाचा पाया घालणारा केनी क्लार्क हा लियाकत अली सलाम झाला होता. पुढे जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीतला पियानोवादक मकॉय टायनर सुलेमान सऊद झाला. ब्लेकी आणि टायनर यांनी रेकॉर्डवर जुनंच नाव ठेवलं. त्यामुळे कव्हरवर जितकी मुस्लिम नावं दिसतात, त्याहून जास्त माणसं आत बसलेली असतात.

हे कसं घडलं, याचा एक धागा आपल्या पंजाबात जातो. 1920 च्या फेब्रुवारीत मुफ्ती मुहम्मद सादिक नावाचे अहमदिया धर्मप्रचारक फिलाडेल्फियाच्या बंदरात उतरले. मूळ केंद्र कादियान, येणं इंग्लंडमार्गे. हा माणूस बहुपत्नीत्वाचा प्रचार करील, या संशयावरून अधिकाऱ्यांनी त्यांना अडकवून ठेवलं. सुटल्यावर त्यांनी 1921 मध्ये 'मुस्लिम सनराइज' हे नियतकालिक सुरू केलं आणि नंतर शिकागोत बस्तान बसवलं. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून उत्तरेच्या कारखान्यांकडे आलेल्या कृष्णवर्णीयांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. पुढच्या पिढीतल्या अनेक जाझ वादकांना इस्लामची ओळख याच वाटेने झाली. अहमदियांना मुसलमान म्हणायचं की नाही, यावर आपल्याकडे मोठा वाद आहे. तो मी इथे उकरत नाही. इतिहास सांगताना मात्र त्यांना वगळता येत नाही.

वादकांना यात काय सापडलं? गुलामांना मालकाचं आडनाव मिळत असे. जोन्स, ग्रेगरी, हडलस्टन ही नावं त्या बाजारातूनच आलेली. ती टाकून देता येतात, वंशाने कुणी मोठा-लहान ठरत नाही, ही गोष्ट त्या तरुणांना किती मोठी वाटली असेल, हे महाराष्ट्रात वेगळं समजावायला नको. दुसरं कारण रोजच्या व्यवहाराचं होतं. ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांनी 1979 च्या आत्मचरित्रात त्याबद्दल मोकळेपणाने लिहिलंय. मुस्लिम नाव असलं की माणूस 'निग्रो' न राहता परदेशी ठरायचा. जिथे काळ्यांना जेवण मिळत नसे, तिथे अरबी नाव सांगणाऱ्याला टेबल मिळायचं. काहींच्या पोलीस ओळखपत्रावर वंशाच्या रकान्यात गोऱ्याची नोंद झाली. आज आपल्याकडे भाड्याचं घर बघायला गेलेला मुलगा आपलं नाव 'समीर' एवढंच सांगतो आणि आडनाव गिळतो. तिकडे त्याच नावाने दार उघडायचं. मला या उलट्या व्यवहाराचं हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

पण सगळ्यांनी सोयीसाठी नाव बदललं, असं म्हणणं अन्याय होईल. जमाल यांचंच बघा. 'अ‍ॅट द पर्शिंग: बट नॉट फॉर मी' ही माझ्या यादीतली पहिली रेकॉर्ड. 16 जानेवारी 1958 रोजी शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये मुद्रित झालेली. तिघंच वादक. पियानोवर जमाल, बासवर इझ्रायल क्रॉस्बी, ड्रम्सवर व्हर्नेल फोर्निए. नावांतला योगायोग वाचून गंमत वाटते. आर्गो कंपनीने काढलेला हा एलपी अमेरिकेतल्या खपाच्या यादीत शंभराहून अधिक आठवडे राहिला. त्या काळच्या समीक्षकांनी याला हॉटेलातलं पार्श्वसंगीत म्हणून नाकं मुरडली, तर माइल्स डेव्हिस आपल्या पियानोवादकाला जमालसारखं वाजव म्हणून सांगत होता. मी माइल्सच्या बाजूने आहे. 'पॉइन्सियाना' हा आठ मिनिटांचा तुकडा ऐका. जमाल दोन सूर लावतात आणि थांबतात. त्या थांबण्यात खालून ड्रमचा ठेका चालत राहतो आणि मागे गिऱ्हाइकांच्या बोलण्याचा आवाज येतो. आपले बुजुर्ग गवई समेच्या अलीकडे एक जागा मोकळी सोडतात, तिची आठवण होते. ज्यांना जाझ म्हणजे गोंगाट वाटतो, त्यांच्यासमोर मी नेहमी हीच रेकॉर्ड ठेवतो.

या रेकॉर्डच्या कमाईतून जमाल यांनी शिकागोत 'अलहंब्रा' नावाचं उपाहारगृह आणि क्लब काढला. अंदलूसच्या महालाचं नाव. तिथे दारू मिळत नसे. जाझचा क्लब आणि दारू नाही! धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता आणि तो फार काळ चाललाही नाही. पण सोयीसाठी नाव बदललेला माणूस स्वतःच्या पैशाने असा तोटा विकत घेत नाही.

यूसुफ लतीफ यांनी हा प्रश्न आणखी टोकाला नेला. जन्म 1920, नाव विल्यम हडलस्टन, वाढले डेट्रॉइटमध्ये. सॅक्सोफोन हे मुख्य वाद्य, पण त्यांनी बासरी, ओबो आणि जगभरची फुंकवाद्यं जमवली, त्यात आपली शहनाईही होती. 1961 चा 'ईस्टर्न साउंड्स' हा त्यांचा एलपी माझ्याकडे आहे, नवी प्रेसिंग. मूळ प्रत परवडत नाही आणि तिच्यामागे धावूही नका, नवी चांगली निघाली आहे. पहिल्याच तुकड्यात ते एक चिनी बनावटीची गोलसर बासरी वाजवतात. तिला सूरच चार-पाच आहेत, तेवढ्यातच सगळा खेळ. दुसऱ्यात ओबोवर ब्लूज आहे. त्याबद्दल शेवटी सांगतो. लतीफ हज करून आले. 1975 मध्ये त्यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, विषय पाश्चात्त्य आणि इस्लामी शिक्षणाची तुलना. पुढे काही वर्षं नायजेरियातल्या विद्यापीठात संशोधन केलं. साधारण 1980 नंतर जिथे दारू विकली जाते, तिथे वाजवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. 'जाझ' हा शब्दही त्यांना मान्य नव्हता, त्यात त्यांना आपल्या संगीताची हेटाळणी दिसायची. तेव्हा मी त्यांना जाझच्या यादीत घालतोय, हे त्यांना आवडलं नसतं. 2013 मध्ये ते वारले. तोपर्यंत वाजवत होते.

आणखी दोन नावं पटकन. आर्ट ब्लेकीचा 1958 चा 'मोनिन' घ्या. जाझचा तो सर्वांत रांगडा आणि आनंदी एलपी आहे. आणि अहमद अब्दुल-मलिक यांचा 'जाझ सहारा', तोही 1958 चाच. हे ऊद वाजवत. वडील सुदानी आहेत असं सांगत. नंतर एका इतिहासकाराने कागदपत्रं काढली तर आईवडील कॅरेबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरचे निघाले. आपल्या पूर्वजांना अरबस्तानातून आणून बसवणारे शेख-सय्यद आपल्या गावोगाव आहेत, त्यामुळे मला या माणसाबद्दल जरा जास्तच जवळीक वाटते. एलपी मात्र अर्धाच जमलाय. ऊद आणि व्हायोलिन एका खोलीत, सॅक्सोफोन दुसऱ्या, असं वाटत राहतं.

आता केपटाऊन. तिथला इस्लाम डच लोकांनी इंडोनेशियातून आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून आणलेल्या गुलाम-कैद्यांपासूनचा आहे. पुढे आपले कोकणी मुसलमानही तिकडे पोटासाठी गेले आणि स्थायिक झाले. त्याच शहरात 1934 साली जन्मलेला पियानोवादक डॉलर ब्रँड 1968 मध्ये मुसलमान झाला आणि अब्दुल्ला इब्राहिम म्हणून जगाला माहीत झाला. 1966 मध्ये वर्णद्वेषी सरकारने केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा मिश्र वस्तीचा भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर केला. साठ हजारांच्या आसपास लोक उठवले, घरांवर बुलडोझर फिरवले. हुसकावलेल्यांना शहराबाहेरच्या रेताड माळावर नेऊन टाकलं. तिथल्या एका वस्तीचं नाव मॅनेनबर्ग.

1974 मध्ये इब्राहिम यांनी केपटाऊनला 'मॅनेनबर्ग' मुद्रित केलं. रेकॉर्डची एक अख्खी बाजू, तेरा मिनिटांहून जास्त, एकच धून. पियानोच्या हातोड्यांना टाचण्या ठोकलेल्या, त्यामुळे आवाज गावठी, पत्र्यासारखा येतो. त्यावर बेसिल कुट्झीचा सॅक्सोफोन. गाणं नाही, घोषणा नाही. तरी वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात लोकांनी ही धून आपली मानली, सभांमध्ये वाजवली. सेन्सॉर करायला त्यात काही सापडतच नाही. ही रेकॉर्ड ज्याने काढली तो रशीद वली, जोहान्सबर्गचा भारतीय वंशाचा मुस्लिम दुकानदार. दुकानाचं नाव कोहिनूर. काउंटरवर रेकॉर्ड विकता विकता त्याने स्वतःचं लेबल काढलं, 'द सन', आणि मग त्याचंच अरबी नाव, 'अश-शम्स'. आपल्या मोहल्ल्यातला कॅसेटवाला उठून देशाचा आवाज छापतो, अशातली ही गोष्ट. जुन्या मालात शोधताना एक ध्यानात ठेवा. अमेरिकेत ही रेकॉर्ड 'केपटाऊन फ्रिंज' या नावाने निघाली होती. नावं बदलण्याचा हा आजार माणसांपुरता नाही.

मित्रांनी रेगेही मागितलं होतं. जमैका बेटाशी आपलं नातं त्याहून जुनं आहे. 1845 ते 1917 या काळात ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून छत्तीस हजारांवर करारबद्ध मजूर तिथे नेले गेले. रेगेच्या गाण्यांतून जगभर पोचलेला 'गांजा' हा शब्द त्यांच्याच बोचक्यातून उतरला. मोहरमचा ताजियाही उतरला, तिथे त्याला 'होसे' म्हणतात.

पण रेगेचा जन्म समजून घ्यायचा तर किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये जावं लागतं. अनाथ आणि वाया गेलेली म्हणून शिक्का बसलेली मुलं, कॅथलिक नन चालवत असलेली शाळा आणि तिचं बँडपथक. तिथल्या सिस्टर इग्नेशियस स्वतः रेकॉर्ड जमवायच्या. जाझ, लॅटिन, शास्त्रीय, लोकांची भाषणं, सगळं. आणि मुलांना ऐकवायच्या. डॉन ड्रमंड, टॉमी मकूक, लेस्टर स्टर्लिंग, 'डिझी' मूर हे या शाळेतले. 1964 मध्ये त्यांनी इतरांबरोबर स्कॅटलाइट्स हा ताफा उभा केला आणि स्का नावाच्या नाचऱ्या संगीताला रूप दिलं. स्काच पुढे संथ होत रेगे झाला. म्हणून मी रेगेची सुरुवात 'जाझ जमैका फ्रॉम द वर्कशॉप' या 1962 च्या एलपीपासून करायला सांगतो. तो ऐकला की हे लोक आधी जाझवाले होते, हे कानाला कळतं.

संग्राहकांसाठी इथली एक गोष्ट सोन्यासारखी आहे. किंग्स्टनमध्ये मोठमोठे कर्णे लावून रस्त्यावर रेकॉर्ड वाजवणारे 'साउंड सिस्टम'वाले होते. अमेरिकेतून दुर्मीळ रेकॉर्ड आणायची आणि प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून तिच्यावरचं लेबल खरवडून काढायचं. वादकाचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही. क्लेमंट डॉड याने एक धून अशीच आपल्या नावावर वर्षानुवर्षं गाजवली आणि ड्यूक रीडने ती शेवटी हुडकून काढली. तिकडे न्यूयॉर्कमध्ये माणसं नवं नाव छापून मागत होती, इकडे छापलेलं नाव नखाने काढलं जात होतं.

या साउंड सिस्टमवाल्यांतलाच एक प्रिन्स बस्टर. 1960 च्या सुमारास त्याने डोंगरातल्या काउंट ऑसी या रास्ताफारी ढोलवाल्याला स्टुडिओत आणलं आणि फोक्स ब्रदर्सचं 'ओ कॅरोलिना' बनवलं. रास्ताफारी लोक तेव्हा प्रतिष्ठितांच्या लेखी गुंड आणि गांजेकस. त्यांचे ढोल रेकॉर्डवर घेणं ही धाडसाची गोष्ट होती. 1964 मध्ये बस्टर मुष्टियोद्धा मुहम्मद अलीला भेटला आणि मुसलमान झाला. नाव मुहम्मद यूसुफ अली. त्याच्या एका लेबलचं नावच 'इस्लाम' होतं. आतलं संगीत मात्र बेधडक नाचाचं, विनोदाचं आणि कधीकधी बरंच चावट. आमच्या एखाद्या मौलानांच्या हाती ती तबकडी पडली तर ते लेबल वाचून चुंबतील आणि ऐकून फेकतील. त्याचा 'फॅब्युलस ग्रेटेस्ट हिट्स' घ्या. काउंट ऑसीचा 'ग्राउनेशन' हा 1973 चा तीन रेकॉर्डचा संच घ्या. ढोल, धर्मप्रवचन आणि जाझ एकत्र आहे, सलग ऐकू नका, दमाल. जिमी क्लिफही पुढे इस्लामकडे वळला. त्याच्या 1972 च्या सिनेमाचा 'द हार्डर दे कम' हा एलपी रेगेतली पहिली खरेदी म्हणून सर्वांत सोपा. ऑगस्टस पाब्लोचा 'ईस्ट ऑफ द रिव्हर नाइल' रात्रीसाठी. बॉब मार्ले तुमच्याकडे असणारच.

अल्फा शाळेतला एक मुलगा मी मुद्दाम मागे ठेवला. जो हॅरियट. 1951 मध्ये तो इंग्लंडला गेला आणि तिकडेच राहिला. 1960 मध्ये मुद्रित केलेला 'फ्री फॉर्म' हा त्याचा उत्तम एलपी. कलकत्त्यात जन्मलेल्या जॉन मायर या व्हायोलिनवादकाबरोबर त्याने 'इंडो-जाझ सूट' केला, तो 1966 मध्ये निघाला. पाच जाझवाले, पाच भारतीय बाजूचे. सतारीवर दिवाण मोतीहार आणि तबल्यावर केशव साठे, मुंबईहून लंडनला गेलेले. आमच्या गटात हे नाव मी घेतलं तेव्हा सगळ्यांचे कान टवकारले. "आपले साठे?" आपलेच. 1967 मध्ये जर्मनीत निघालेल्या 'जाझ मीट्स इंडिया'मध्येही तबला त्यांचाच आहे आणि माझ्या मते तो एलपी सूटपेक्षा सरस आहे. सूटमध्ये मायर यांनी इतकं लिहून ठेवलंय की हॅरियटला हात-पाय हलवायला जागा उरत नाही. दुसऱ्यात सगळे मोकळे सुटलेत. हॅरियट 1973 मध्ये गरिबीत वारला. साठे यांच्याबद्दल मराठीत फारसं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. जमैकाच्या अनाथाश्रमातला मुलगा आणि मुंबईचा तबलजी एका तबकडीवर बसलेत, याची नोंद आपण ठेवायला हवी होती.

यादी इथे संपली. ओबोचं राहिलं.

आमचं मूळ घर मिरजेचं. सतारमेकरांची दुकानं आमच्या घरापासून चालत पाच मिनिटं, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या दर्ग्यात दफन आहेत, तिथल्या उर्साला चाचांनी मला खांद्यावर बसवून नेलेलं. चाचा रेल्वेत फिटर होते. पगाराच्या दिवशी एक रेकॉर्ड, असा त्यांचा नेम. शंकर-शंभू, इस्माईल आझाद, खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या. नव्वदच्या दशकात, दंगलींनंतरच्या काळात, कुणीतरी त्यांना समजावलं की घरात हे असलं ठेवलं तर बरकत जाते. समजावणारा वाईट माणूस नव्हता आणि चाचा घाबरलेले होते. दीडशेच्या आसपास रेकॉर्ड त्यांनी भंगारवाल्याला वजनावर दिल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. भांडलो, मग बरीच वर्षं तो विषय काढला नाही. संगीत हलाल की हराम यावर मी फतवा देणारा कोण? पण लतीफ यांच्याबद्दल वाचताना मला सारखे चाचा दिसत. हज करून आलेला माणूस आपली रेघ ओढतो, दारूच्या अड्ड्यावर वाजवणार नाही म्हणतो, आणि वाद्य मात्र शेवटपर्यंत खाली ठेवत नाही.

मागच्या बकरी ईदला मी छोटा रेकॉर्ड प्लेअर घेऊन मिरजेला गेलो. चाचा आता ऐंशीचे आहेत, कमी ऐकू येतं. असरच्या नमाजनंतर ते खाटेवर बसले होते. मी कव्हर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं, "यूसुफ लतीफ. कहाँ के हैं?"

"अमरीका के थे, चाचा. हाजी थे."

त्यांनी कव्हर उलटं करून पाहिलं, काही बोलले नाहीत. मी सुई दुसऱ्या तुकड्यावर ठेवली. ओबो सुरू झाला. चाचांनी मान जरा पुढे केली, कानामागे हात धरला.

"शहनाई है क्या रे?"

"तशीच. तिकडची."

ती बाजू पूर्ण झाली. मी प्लेअर बंद करायला उठलो, तर ते म्हणाले, "रुक. दूसरी तरफ क्या है?"

मी रेकॉर्ड उलटी केली.